घरी काडतूस भरण्याआधी पेलेट निवडायला शीक

कळव्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आठ महिन्यांपासून दहा मीटर एअर रायफल. तो लिहितो: "सर, परदेशातले नेमबाज घरच्या घरी काडतुसं भरतात, रिकाम्या पितळी केस पुन्हा वापरतात, असे व्हिडिओ मी रोज बघतो. मला पुढे .२२ आणि मोठ्या बोअरकडे जायचंय. काडतुसं महाग पडतात. आत्तापासून रीलोडिंग शिकायला घेऊ का? सुरुवातीला कोणतं सामान घ्यावं? आणि स्वतः भरलेल्या काडतुसाने स्कोअर खरंच वाढतो का?"

सामानाचं आधी सांगतो, कारण तिथे घाई झाली तर पुढचं सगळं वाया जाईल. काहीही मागवू नकोस. प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) नको, डाय (त्याचे साचे) नको, "नुसतं बघायला" म्हणून कॅपची डबीही नको. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे आणि त्यात बाळगणं आणि बनवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ३ हे शस्त्र आणि काडतूस बाळगण्याच्या परवान्याचं, कलम ५ हे बनवण्या-विकण्याच्या परवान्याचं. घरात परवान्याची बंदूक असली म्हणून काडतूस बनवायची मुभा मिळत नाही. 'दारूगोळा' या शब्दाची त्या कायद्यातली व्याख्याही वाचून बघ. काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा तिच्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यावर दारू आणि कॅप ही स्फोटकं, म्हणजे १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे नियमही आले. ते बघणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या बेलापूरलाच.

तू बघतोस ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असणार. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, म्हणून गॅरेजमध्ये बाक टाकून माणसं आरामात बसलेली दिसतात. जर्मनीत तसं चालत नाही. तिथे आधी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग स्फोटक कायद्याखालची परवानगी, आणि त्यानंतर दारूच्या डब्याला हात. जिथे हे कायदेशीर आहे तिथेही शिकवल्याशिवाय कोणी बसत नाही, किंवा बसू नये, एवढं त्यातून घे.

आता तुझी ओढ. ती मला पुरेपूर कळते, म्हणून नुसतं 'नाही' म्हणून थांबत नाही. मी तुझ्याएवढा असताना ठाणे स्टेशनहून पहाटेची गाडी धरून वरळीच्या रेंजवर जायचो. तिथे एक ज्येष्ठ नेमबाज रिकामी पितळी केस हातात फिरवत ती कशी काम करते ते सांगायचे. काडतुसाचे चार भाग: केस, बुडाशी कॅप, आत दारू, तोंडाशी गोळी. पिन कॅपवर आपटली की दारू पेटते, दाब वाढतो, पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आकसतं, म्हणून केस बाहेर काढता येते. पितळाच्या या लवचीकपणावर सगळं रीलोडिंग उभं आहे. जुनी कॅप काढायची, केस पुन्हा मापात दाबायची, नवी कॅप बसवायची, दारू मोजून घालायची, ठरल्या खोलीवर गोळी बसवायची. परदेशात ३०० मीटर रायफल मारणारे लोक यात तासन् तास घालवतात, आणि पैशाची बचत हे त्यामागचं दुय्यम कारण आहे. त्यांना पन्नास काडतुसं एकसारखी हवी असतात. केसमधली जागा सारखी, दारू सारखी, गोळीची खोली सारखी, म्हणजे वेग सारखा, म्हणजे भोक त्याच जागी.

पण तुझ्या मनात असलेलं .२२ या गोष्टीत बसतच नाही. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. त्याला वेगळी कॅप नसते. पेटणारं मिश्रण केसच्या कडेच्या पोकळ घडीत कारखान्यातच फिरवून बसवलेलं असतं, आणि पिन ती घडीच चेपते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरून वापरता येत नाही. म्हणजे ५० मीटर रायफलचं ऑलिंपिक पदक ज्या काडतुसाने मिळतं, ते जगातला कुठलाच नेमबाज घरी भरत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, तो प्रकारही याच काडतुसाचा.

मग ते लोक करतात काय? ते निवडतात. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस असलं तरी प्रत्येक उत्पादन-लॉट थोडा वेगळा निघतो, आणि प्रत्येक बॅरलची, म्हणजे नळीची, आवड वेगळी असते. ईली या काडतूस-कंपनीची बर्मिंगहॅमला आणि लापुआ या दुसरीची जर्मनीत शोनबेकला खास चाचणी रेंज आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातो, रायफल शिकंजात बसवतात, एकामागून एक लॉट मारून बघतात, आणि जो लॉट त्या बॅरलला मानवतो त्याच्या पेट्या तो घेऊन जातो. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्कोअर वाढतो तो काडतूस आपल्या हातचं आहे म्हणून नव्हे, ते आपल्या बॅरलला जुळणारं आणि एकसारखं आहे म्हणून. आणि हे काम तू आज, परवान्याशिवाय, कळव्यातल्या घरी करू शकतोस.

त्याआधी धोक्याचं एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर उद्या कायद्याची सोय झाली तर तू भीती विसरून बसशील. रीलोडिंगमधले मोठे अपघात हाताच्या कसबाअभावी कमी आणि लक्ष उडाल्यामुळे जास्त होतात. फोन वाजला, कोणी हाक मारली, आणि एका केसमध्ये दारू दोनदा पडली. दोन दारू दिसायला सारख्या आणि जळायच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक. एखाद्या केसमध्ये दारू पडलीच नाही, तर नुसत्या कॅपच्या जोरावर गोळी बॅरलमध्ये अर्ध्यावर अडकते, आणि मारणाऱ्याने ते न ओळखता पुढचा शॉट घेतला की बॅरल फुगते किंवा फाटते. त्या वेळी गाल बोल्टपासून काही इंचांवर असतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून हे काम चालतं. अशा कारखान्यांतून स्फोटकाच्या खोलीत कपडे, पादत्राणं, अर्थिंग, एका वेळी किती माल बाकावर असावा, सगळ्याला नियम असतात. आपल्या वन बीएचकेत, देवघराच्या शेजारी, गॅस सिलिंडरपासून दहा पावलांवर ते काम आणायचं नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

तर आता पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याच्या बाहेर आहे. दुकानदार ओळखपत्र मागतो, नोंद ठेवतो, ती द्यायची. आपल्या मॅच रायफलचं पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं आणि सुटतं सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने, म्हणजे ऊर्जा ८ जूलच्या आसपास. पिस्तुलवाले थोडं हलकं, ०.५० ग्रॅमच्या आतबाहेरचं घेतात. तोंड सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. कंबर बारीक, मागे पातळ पोकळ घेर, त्याला स्कर्ट म्हणतात. हवा स्कर्टमध्ये शिरते, तो फुगून बॅरलच्या चरांना धरतो. पितळी केस चेंबरला धरते त्याच जातीचं काम हा शिशाचा स्कर्ट करतो. डबीवर ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते डोक्याचा व्यास सांगतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक डोळ्याला दिसणार नाही, पण बॅरलला कळतो.

हे सगळं तुझ्यासाठी किती महत्त्वाचं, हे गणिताने बघू. तू इंजिनिअरिंगला आहेस, तुला हे आवडेल. आपल्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि मध्यापासून प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण कमी होतो. म्हणजे दशांशाचा एक गुण पाव मिलिमीटरला, आणि मोजणी अगदी मध्यावरच्या १०.९ पासून सुरू होते. तुझी एका शॉटमागची सरासरी तू पत्रात ९.३ लिहिली आहेस. म्हणजे तुझा शॉट मध्यापासून साधारण ४.२ मिलिमीटर भटकतो. आता समज पेलेटचा लॉट वाईट आहे आणि तो आपल्या बाजूने आणखी एक मिलिमीटर भटकवतो. या दोन चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ४.२ आणि १ मिळून होतात ४.३२. नुकसान ०.१२ मिलिमीटर, ६० शॉटमध्ये जेमतेम ३ गुण.

आता वरचा नेमबाज घे. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२२ ला कैरोत दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिव्यांश पंवार, ऐश्वर्य तोमर आणि तो या तिघांनी सांघिक सुवर्ण घेतलं ते १८९३.७ या विश्वविक्रमी गुणांवर. १८० शॉटला भाग दे, सरासरी १०.५२. म्हणजे शॉट मध्यापासून जेमतेम १.१ मिलिमीटरवर. त्या पातळीच्या नेमबाजाला तोच वाईट लॉट दिला तर १.१ चे होतात १.४९, आणि ६० शॉटमध्ये ९ गुण गेले. तेवढ्यात तो फायनलच्या यादीतून बाहेर. तुझे तीन गुण मात्र ट्रिगर जरा शांतपणे दाबलास तर पहिल्या महिन्यात परत येतील.

म्हणून माझं मत असं. सरासरी ९.८ च्या पुढे जाईपर्यंत एका चांगल्या लॉटच्या चार-पाच डब्या घे आणि होल्ड (रायफल स्थिर धरणं), ट्रिगर, फॉलो-थ्रू (शॉट सुटल्यावरही तसंच राहणं) यांवर घाम गाळ. भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायर कर, त्याला पेलेटही लागत नाही. पण हाताने काही नीट करायची, मोजायची, जुळवायची हौस तुला आत्ताच आहे, आणि ती मारून टाकण्यासारखी नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ तिला दे.

त्या संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. टेबलावर पांढरा जाड कपडा पसर, वर टेबल लॅम्प, हातात साधं भिंग. डबीतून पन्नासेक पेलेट हलकेच कपड्यावर सोड. ओतू नकोस, शिसं मऊ असतं, आपटून स्कर्ट चेपतो. प्रत्येक पेलेट चिमटीत धरून मागून बघ. स्कर्टची कड पूर्ण गोल हवी. कुठे खोक, कुठे शिशाचा तंतू चिकटलेला, कुठे डोक्यावर ओरखडा असेल तर ते बाजूला. चांगल्या डबीत पाचशेमध्ये मोजके निघतात. मुठीने निघायला लागले तर डबी वाटेत कुठेतरी पडली आहे असं समज. बाजूला काढलेले फेकायचे नाहीत, झिरो (नेम) जुळवताना किंवा रायफलचा हवेचा सिलिंडर भरल्यावरचे पहिले पाच-दहा शॉट मारायला ते चालतात.

दुसरी चाळणी काचेची. जुन्या फोटो फ्रेमची काच घे, एका बाजूला दोन-तीन वह्या ठेवून किंचित उतार दे. वरच्या कडेला पेलेट आडवं ठेवून सोड. डोकं आणि स्कर्ट यांचे व्यास वेगळे, त्यामुळे ते सरळ न घरंगळता कमानीत वळतं. सारख्या मापाची पेलेट सारख्याच जागी खाली पोचतात. फार आत किंवा फार बाहेर गेलेलं पेलेट कुठेतरी वेगळं आहे. सोडताना बोटाचा धक्का लागू द्यायचा नाही, पट्टी आडवी धरून ती उचलायची. हा खेळ मला सगळ्यांत आवडतो, कारण याला पैसे लागत नाहीत आणि मापातला फरक डोळ्यांना दिसतो. डोक्याचा व्यास थेट मोजायचा असेल तर भोकांची पट्टी मिळते, पेलेट गेज म्हणतात. एखाद्या सिनिअरकडे असेल तर मागून वापर, विकत घेण्याची आत्ता गरज नाही.

वजन करावं का, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. हिशेब करू. एका पेलेटचं वजन दुसऱ्यापेक्षा एक टक्का, म्हणजे ५ मिलिग्रॅम जास्त आहे. रायफल ऊर्जा तेवढीच देते असं धरलं तर वेग अर्ध्या टक्क्याने कमी होतो. दहा मीटर जायला पेलेटला सेकंदाचा सोळा-सतरावा भाग लागतो, तेवढ्यात ते साधारण १७ मिलिमीटर खाली येतं. अर्धा टक्का वेग कमी झाला की हे खाली येणं एक टक्क्याने वाढतं, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. दशांशाचा एक गुणही पूर्ण जात नाही. आणि चांगल्या डबीतली बहुतेक पेलेट एक टक्क्याच्या आतच असतात. माझ्या अनुभवात खराब स्कर्ट आणि बॅरलला न जुळणारा डोक्याचा व्यास यांनी वजनापेक्षा कितीतरी जास्त नुकसान केलं आहे. तरी एकदा करून बघायचंच असेल तर १ मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा. तो अर्धा तास आधी चालू करून ठेव, पंखा बंद कर, दर वीस पेलेटनंतर शून्य तपास. मी कोपरीत रुळांच्या बाजूला राहायचो तेव्हा गाडी गेली की काट्याचा शेवटचा आकडा नाचायचा, म्हणून रात्री एकनंतर, शेवटची लोकल गेल्यावर बसायचो. तुझ्या घराजवळूनही रूळ जातात असं लिहिलं आहेस, तर हे लक्षात ठेव.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगतो, कारण खाडीकाठच्या आपल्या हवेत ही खरी अडचण आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत डबी उघडी राहिली की शिशावर पांढुरकी भुकटी धरते. तसं पेलेट बॅरलमध्ये घालायचं नाही. एकदा एका दुकानातून मी घाईत सहा डब्या आणल्या, घरी येऊन झाकण उघडलं तर तीन डब्यांत ही भुकटी. जुना साठा, बंद गोदाम. तेव्हापासून दुकानातच झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. तूही तसंच कर, आणि मागे चिकटवलेला लॉट नंबर सगळ्या डब्यांवर एकच आहे ना तेही बघ. घरी हवाबंद स्टीलच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. पुड्या रंग बदलतात, मग बदलायच्या. पेलेट रॉकेलने किंवा साबणाने धुवायचा सल्ला काही जण देतील. मॅच पेलेटला कारखान्यातच पातळ लेप दिलेला असतो, तो घालवू नकोस.

आता खरी परीक्षा, ती रेंजवर. वेगवेगळ्या लॉटची किंवा मापांची तीन-चार प्रकारची पेलेट घे. रायफल शिकंजात घट्ट बसवून प्रत्येकाचे दहा शॉट एकाच भोकात जातील असे मार. पाचावर थांबू नकोस. पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, नशिबानेही सुंदर येतो, आणि त्या एका सुंदर कागदावर विश्वास ठेवून लोक वीस डब्या घेऊन बसतात. दहाचे निदान तीन ग्रुप हवेत. भोकाची बाहेरून बाहेर लांबी मोज. ४.५ च्या पेलेटने दहा शॉटचं मिळून भोक ५.५ मिलिमीटरच्या आत राहिलं तर त्या लॉटला सोडू नये. साडेसहा-सात दिसायला लागले तर तो लॉट सरावाला. बॅरल नुकतीच साफ केली असेल तर आधी वीसेक शॉट मारून मग मोजायला लाग, साफ बॅरल लगेच स्थिर होत नाही. सिलिंडरचा दाब सगळ्या ग्रुपना साधारण सारखा ठेव. आणि लोड करताना अंगठ्याचा दाब रोज सारखा हवा, तिरकं ढकललेलं चांगलं पेलेट वाईट पेलेटपेक्षा वाईट जातं.

प्रत्येक ग्रुपचा कागद वहीत चिकटव. तारीख, लॉट नंबर, डोक्याचं माप, दाब, पाऊस होता की कोरडं, सगळं लिही. रीलोडिंग करणारे लोक अशीच वही ठेवतात, आणि त्या छंदातला सगळ्यांत मोलाचा भाग तो आहे असं मला वाटतं.

शिकंजातली चाचणी झाली की एक गोष्ट जरूर कर. मित्राला सांग, दोन डब्यांवरची नावं झाकून एकीवर 'क' आणि दुसरीवर 'ख' लिहायला. कुठली कुठची हे तुला सांगायचं नाही. उभं राहून नेहमीसारखे तीस-तीस शॉट मार, तीन वेगवेगळ्या दिवशी. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ज्या महागड्या पेलेटशिवाय आपलं चालत नाही असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो, त्यात आणि सरावाच्या साध्या डबीत माझ्या हातून एका शॉटमागे दशांशाचाही फरक पडत नव्हता. ती दोन वर्षं मी चुकीच्या जागी चिंता करत होतो. तुझी तेवढी वर्षं वाचावीत म्हणून हे इतकं लांब लिहितो आहे.

शिशाबद्दल कळकळीने सांगतो. हल्लीची मुलं पेलेट तोंडात धरून लोड करतात असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कधीही करू नकोस. शरीरात जाणाऱ्या शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असं कुठलंच प्रमाण ज्ञात नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त. पेलेट निवडण्याचा तो पांढरा कपडा वेगळा ठेव, घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस. जेवणाच्या टेबलावर हे काम नको. घरात लहान भावंड असेल तर दार लावून बस. काम झालं की साबणाने हात, नखांच्या आतून. रेंजवर डबा खाण्याआधीही तेच. टार्गेटमागची शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडवायची नाही, ओल्या कपड्याने पुसायची.

पुढे .२२ कडे जायचंय तर वाट कायदेशीर आणि सरळ आहे, फक्त वेळ घेते. २१ पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या नावावर साधा परवाना मिळत नाही, तोवर क्लबच्या रायफलवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायचं. राज्य स्पर्धा, मग अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, अशा पायऱ्या चढत गुण दाखवायचे. त्यावर पुढे नेमबाज म्हणून परवान्याचा आणि काडतुसांच्या कोट्याचा विचार होतो. ठाण्यात परवाना देणारे पोलीस आयुक्त, ऐरोलीला राहायला गेलास तर नवी मुंबईचे. पनवेलला सुमा शिरूर यांनी उभी केलेली 'लक्ष्य' ही अकादमी आहे. स्वतः त्या २००४ ला अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या नेमबाज. एखाद्या रविवारी जाऊन तिथली मुलं लोड कशी करतात, दोन शॉटच्या मध्ये काय करतात, एवढंच बघून ये.

एक छोटी सावधगिरी आत्ताच सवयीची करून घे. क्लबवर .२२ मारायला लागलास की रोज निघताना बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून बघ. एखादं काडतूस अस्तरात राहतं, आणि महिन्याने तीच बॅग घेऊन कोणी विमानतळावर जातं. तिथे ते सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, आणि ते चुकून राहिलं हे सिद्ध करायला कोर्टाच्या फेऱ्या होतात. रिकाम्या केससुद्धा आठवण म्हणून घरी न्यायच्या नाहीत, रेंजवरच्या डब्यात टाकायच्या.

येत्या रविवारी सकाळी आठला रेंजवर ये. शिकंजा मी काढून ठेवतो. तुझ्याकडच्या सगळ्या डब्या आण, अर्धवट संपलेल्यासुद्धा, आणि एक दोनशे पानी वही. फोटो फ्रेमची काच माझ्याकडे आहे.